हेकानख्तची पत्रे आणि अगाथा ख्रिस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन इजिप्त म्हटले की पिरॅमिड, सोन्याचा मुखवटा आणि ममीचा शाप डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि रहस्यकथा म्हटले की अगाथा ख्रिस्ती यांचे नाव ओठांवर येते. या बाईंना इजिप्तची ओढ आयुष्यभर होती. परंतु त्या ओढीतून त्यांच्या हातून जे सर्वांत धाडसी लेखन झाले, त्याचे मूळ चार हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतकऱ्याने घरी लिहिलेल्या पत्रांत आहे. आज मुख्यतः त्या पत्रांविषयीच बोलणार आहे.

ख्रिस्तीबाईंचा जन्म 1890 चा. पहिल्या महायुद्धापूर्वी, ऐन तारुण्यात, एका हिवाळ्यात त्या आई क्लारा यांच्यासोबत कैरोला राहिल्या. मुलीने लक्झरला येऊन तिथली भव्य मंदिरे पाहावीत, अशी आईची फार इच्छा होती. नृत्यसमारंभ आणि सहली यांत रमलेल्या मुलीने मात्र साफ नकार दिला. ते एका परीने बरेच झाले, कारण त्या वयात त्या वास्तूंचे मोल आपल्याला कळले नसते, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याच कैरोच्या पार्श्वभूमीवर त्यांनी आपली पहिली कादंबरी लिहिली, आणि ती एकाही प्रकाशकाने स्वीकारली नाही.

नोव्हेंबर 1922 मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामेनचे थडगे सापडले, आणि उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन 5 एप्रिल 1923 रोजी कैरोत मरण पावले. डास चावला, ती जागा दाढी करताना कापली गेली, जखम चिघळली आणि विष रक्तात भिनले. कारण इतके उघड असतानाही वृत्तपत्रांनी फॅरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, शापाचा गाजावाजा केला. त्याच वर्षी ख्रिस्तीबाईंनी आपला गुप्तहेर पॉयरो याची एक कथा लिहिली, जिच्यात थडगे उघडणारी माणसे एकामागून एक मरू लागतात. पॉयरोला शापाच्या खरेखोटेपणाशी कर्तव्य नाही. लोकांच्या भीतीचा फायदा कोण उठवत आहे, एवढेच तो शोधतो. मला स्वतःला या शापाच्या गोष्टींचा मनापासून राग येतो, कारण त्या गोष्टींनी शंभर वर्षे आपले लक्ष भलतीकडेच वळवले आहे. त्या थडग्यात सुमारे दहा वर्षे खपणारे कार्टर 1939 पर्यंत जगले, हे सांगायला कोणी पुढे येत नाही.

ख्रिस्तीबाईंच्या स्वतःच्या आयुष्यातही एक न उलगडलेले रहस्य आहे, हे आपण जाणताच. डिसेंबर 1926 मध्ये त्या अकरा दिवस बेपत्ता होत्या आणि अखेर हॅरोगेट येथील एका हॉटेलात वेगळ्या नावाने राहताना सापडल्या. आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांबद्दल त्यांनी एक शब्दही लिहिलेला नाही. 1930 मध्ये त्यांनी पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवान यांच्याशी विवाह केला आणि तिथून उत्खननाचा तंबू हेच त्यांचे दुसरे घर झाले. इराकमधील निमरूद येथे सापडलेल्या हस्तिदंती वस्तूंच्या खाचांतली माती त्या विणकामाच्या बारीक सुईने आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमने काढत असत. जुनी वस्तू अशी बोटांनी हाताळलेल्या माणसाला इतिहास कसा दिसत असेल, याचा विचार करा, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

आता ती गोष्ट. 1921-22 च्या हंगामात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे हर्बर्ट विन्लॉक हे थेब्जच्या, म्हणजे आजच्या लक्झरच्या, पश्चिम तीरावर, देर अल-बहरीच्या परिसरात खोदकाम करत होते. इपी नावाच्या एका वजिराचे मोठे थडगे तिथे होते आणि त्याच्याच आवारात मेसेह नावाच्या माणसाचे एक छोटे थडगे होते. त्या छोट्या थडग्यात, वाटेवरच्या भरावात, केरकचऱ्याबरोबर पपायरसचे चुरगळलेले कागद सापडले. ते उलगडल्यावर राजाचा हुकूम निघाला नाही की देवाचे स्तोत्र निघाले नाही. निघाली ती घरची पत्रे आणि धान्याचे हिशेब.

पत्रे लिहिणाऱ्याचे नाव हेकानख्त. दिवंगत वजिरासाठी नैवेद्य आणि धार्मिक विधी चालू ठेवणे हे त्याचे काम होते आणि त्या कामापोटी त्याच्याकडे जमीनही होती. तो घरापासून दूर होता. त्या साली नाईलला पाणी कमी आले होते आणि टंचाई पसरली होती. त्याच्या माघारी घर मेरिसू नावाचा माणूस सांभाळत होता, ज्याला पूर्वीपासून बरेच जण त्याचा थोरला मुलगा मानत आले आहेत. या मेरिसूला हेकानख्त दुरून सूचना करतो: अमुक शेत खंडाने घे, पाण्याकडे लक्ष दे, कसलीही हयगय करू नकोस. एका पत्रात त्याचा संताप अक्षरशः उतू जातो. मला जुने, वाळून खडंग झालेले सातू काय पाठवतोस, आणि तिकडे तुम्ही मात्र नवे ताजे सातू खात आहात, असे तो सुनावतो. चार हजार वर्षांपूर्वीचा मनुष्य आहे, श्रोतेहो, आणि तक्रार आहे जुन्या धान्याची!

दुसऱ्या पत्रात तर घरातल्या प्रत्येकाच्या शिध्याची यादीच आहे. त्याची आई आणि तिची दासी यांना मिळून 8 मापे, मेरिसू आणि त्याच्या माणसांना 8 मापे, स्नेफ्रूला 4 मापे, अशी ती यादी सरळ खाली उतरत जाते. यादी झाली की तो बजावतो की कोणी या वाटणीवर कुरकुर करू नये, बाहेर माणसे माणसांना खाऊ लागली आहेत, आणि पुढे लिहितो की सगळे मरण्यापेक्षा अर्धे जगणे बरे. मुंबईहून गावी पत्र धाडणारा जुन्या काळचा चाकरमानी भातापासून भावकीपर्यंत सगळे एकाच कागदावर कोंबत असे, तसाच हा हेकानख्त धान्याच्या मापांवरून क्षणात घरातल्या माणसांवर येतो. स्नेफ्रू हा घरातला लाडका मुलगा. त्याला हवे ते द्या, त्याच्यापेक्षा महत्त्वाचे त्या घरात कोणी नाही, असे तो कळवतो.

आणि मग येते ती खरी ठिणगी. हेकानख्तने नव्याने एक स्त्री घरात आणलेली आहे. तिचे नाव इउतेनहेब. घरच्यांना ती नको आहे. सेनेन नावाची एक मोलकरीण तिला त्रास देते आहे आणि घरातली माणसे ते मुकाट्याने पाहत आहेत. सेनेनला घराबाहेर काढा, असे हेकानख्त लिहितो. ती एक दिवस जरी माझ्या घरात राहिली, तरी तिने केलेल्या दुष्टपणाचा दोष तुझ्यावर, असे तो मेरिसूला सांगतो. शेवटी वैतागून, तुम्हाला ती नकोच असेल, तर इउतेनहेबला माझ्याकडे पाठवून द्या, असेही तो लिहितो.

पुन्हा सांगतो, कारण हे मनात पक्के बसायला हवे: घरचा कर्ता पुरुष दूर, नवी स्त्री घरात, लाडावलेला मुलगा, ओझे वाहणारा कारभारी, आग लावणारी मोलकरीण आणि डोक्यावर टंचाई. यातल्या एकाही माणसाचे पुढे काय झाले, ते कोणालाही ठाऊक नाही. या कागदांमध्ये हेरुनेफेर नावाच्या एका अधिकाऱ्याला लिहिलेले पत्र घडी घातलेले, दोरी बांधलेले आणि मातीची मोहर न फुटलेले असे सापडले. लिहिले, मोहर केली, आणि ते ज्याच्यासाठी होते त्याच्या हाती गेलेच नाही. हेकानख्तचे घर थेब्जजवळ होते आणि तो उत्तरेला गेला होता, असे विन्लॉक यांना वाटले. पुढच्या काळातल्या काही अभ्यासकांनी नेमके उलटे मत मांडले आहे: तो स्वतः थेब्जला होता आणि घरच उत्तरेकडे होते. म्हणजे ही पत्रे पोचल्यावर टाकून दिली की निघण्याआधीच हरवली, हेही सुटलेले नाही. सोन्याच्या पेटाऱ्यापेक्षा मला हे रहस्य कितीतरी मोठे वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मॅलोवान उत्तर आफ्रिकेत होते आणि ख्रिस्तीबाई लंडनमध्ये राहून एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत होत्या. कुटुंबाचे मित्र आणि इजिप्तविद्येचे प्राध्यापक स्टीफन ग्लॅनव्हिल यांनी त्यांना गळ घातली की प्राचीन इजिप्तमध्ये घडणारी एक गुन्हेकथा लिहा, आणि हेकानख्तची पत्रे त्यांच्यापुढे ठेवली. बाई आधी घाबरल्या. मग काम सुरू झाले आणि ग्लॅनव्हिल यांच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लागला. लोक जेवताना काय खात, मांस कसे शिजवत, बायका आणि पुरुष एकत्र जेवत की वेगळे, कपडे कशात ठेवत? मंदिरांची आणि राजवाड्यांची माहिती भरपूर होती. साध्या घराची माहिती मिळवताना मात्र विद्वानाला एकेका गोष्टीसाठी ग्रंथ उलथेपालथे करावे लागले. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याने विचारायचे प्रश्न हेच असतात, असे माझे ठाम मत आहे. राजाच्या वस्त्रांची वर्णने पानेच्या पाने लिहून काळ उभा राहत नाही. त्या घरात भांडे कुठे ठेवत, हे कळले की तो उभा राहतो.

ती कादंबरी, ‘डेथ कम्स ॲज द एंड’, 1944 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पार्श्वभूमी इसवी सनापूर्वी सुमारे 2000 ची, थेब्जचा पश्चिम तीर. हेकानख्तचा तिथे इम्होतेप झाला, इउतेनहेबच्या जागी नोफ्रेत ही रूपवती आली, सेनेनची सावली हेनेत या कुजबुजणाऱ्या बाईवर पडली, आणि लाडक्या स्नेफ्रूच्या जागी इपी नावाचा मुलगा आला. पत्रांत नसलेला खून त्यांनी त्या घरात घातला, आणि तो घालण्यासाठी काहीही ओढूनताणून आणावे लागले नाही. पॉयरोच्या त्या इजिप्ती कथेत त्यांनी जे केले होते, तेच इथे अधिक खोलवर केले: मेलेल्या स्त्रीचा आत्मा सूड घेत आहे, असे घर मानू लागते, आणि जिवंत माणूस त्या समजुतीच्या आडून काम करत राहतो. खुनी कोण, ते मी सांगणार नाही. ज्यांना वाचायचे असेल त्यांनी आधी पत्रांचा अनुवाद मिळवून वाचावा आणि मगच कादंबरी हाती घ्यावी. उलटा क्रम घेतलात तर हेकानख्त तुम्हाला इम्होतेपच वाटत राहील आणि त्या खऱ्या माणसावर अन्याय होईल.

एक तपशील राहिला. हस्तलिखित वाचल्यावर ग्लॅनव्हिल यांना शेवट पटला नाही आणि त्यांनी तो बदलण्याचा आग्रह धरला. आपल्या कथानकात दुसऱ्या कोणाचा हात लागू न देणाऱ्या ख्रिस्तीबाईंनी त्या वेळी मात्र माघार घेतली, कारण इतके कष्ट घेतलेल्या मित्राला नाही म्हणणे त्यांना जड गेले. पुस्तक त्यांनी ग्लॅनव्हिल यांनाच अर्पण केले. पण आपण ऐकले याबद्दल त्या स्वतःवर नाराज राहिल्या, आणि तो शेवट पुन्हा लिहावा असे आपल्याला अजूनही वाटते, हे त्यांनी आत्मचरित्रात स्पष्टपणे नोंदवून ठेवले आहे.

नमस्कार.