परत मागवलेले सायकलचे भाग : क्रँकचा सांधा कसा तपासायचा

नमस्कार. सायकलचा एखादा भाग कंपनीने परत मागवला (रिकॉल), अशी बातमी येते तेव्हा काही जण घाबरून सायकल भिंतीला लावून ठेवतात, तर बाकीचे म्हणतात, ‘माझी तर ठणठणीत चालतेय.’ दोघांच्याही हाती काही लागत नाही. विचारायला हवा तो प्रश्न असा, की हा भाग नेमका कुठून तुटतो आणि कशामुळे? हे कळलं की नजर कुठे न्यायची ते आपोआप कळतं. म्हणून आज यादी वाचून दाखवण्यापेक्षा एक प्रकरण मुळापासून समजून घेऊ आणि मग दुसऱ्या एका प्रकरणाकडे वळू.

पहिलं प्रकरण सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या क्रँकचं, म्हणजे ज्याच्या टोकाला पेडल बसतं त्या दांड्याचं. 21 सप्टेंबर 2023 रोजी अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ते परत मागवण्याची सूचना जाहीर केली. अमेरिकेत सुमारे 6,80,000 क्रँकसेट (क्रँकची जोडी) आणि शिवाय कॅनडात सुमारे 80,000. क्रँक सांध्यातून सुटल्याच्या 4,519 घटना कंपनीकडे नोंदल्या गेल्या होत्या आणि सहा जण जखमी झाल्याची नोंद होती. हाड मोडणं, सांधा निखळणं, खोल जखमा, असं त्या दुखापतींचं स्वरूप होतं. ढोबळ हिशेब केला तर दीडशे क्रँकमागे एक, आणि तोही फक्त कळवलेल्या घटनांचा. उभं राहून, पूर्ण वजन पायावर टाकून चढ चढत असताना पायाखालचा क्रँक सुटला, तर सावरायला वेळच मिळत नाही.

कोणते क्रँक? 11 स्पीडचे (मागे 11 गिअर असलेल्या सायकलींचे), चिकटवून जोडलेले. शिमानोच्या अल्टेग्रा मालिकेत एफसी-6800 आणि एफसी-आर8000. ड्युरा-एस मालिकेत एफसी-9000, एफसी-आर9100 आणि पॉवर मीटर (पायाचा जोर मोजणारं यंत्र) असलेला एफसी-आर9100-पी. 105 मालिका यात नाही, 12 स्पीडचे नवे क्रँकही नाहीत. जुलै 2019 च्या आधी बनलेले क्रँकच यात येतात. तपासणी जगभर लागू केली गेली, त्यामुळे पुण्यात, नाशकात, मुंबईत लांब पल्ल्याच्या राइड करणाऱ्यांच्या सायकलींवरचे हे क्रँकही त्यात आले.

आता ओळखायचं कसं ते पाहू. क्रँकच्या आतल्या बाजूला, म्हणजे फ्रेमकडे तोंड असलेल्या बाजूला, पेडल बसतं त्या टोकाजवळ दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. मळ असेल तर ती दिसत नाहीत, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. के म्हणजे 2012, एल म्हणजे 2013, असं करत एम, एन, ओ, पी, क्यू आणि शेवटी आर म्हणजे 2019. महिन्यांत ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर. सूचनेत येणारे शिक्के केएफपासून आरएफपर्यंतचे, म्हणजे जून 2012 ते जून 2019. तुमच्या क्रँकवर ‘पीसी’ असेल तर तो मार्च 2017 चा आहे आणि यादीत आहे. ‘आरएच’ असेल तर ऑगस्ट 2019 चा, यादीबाहेरचा. सायकल कधी विकत घेतली यावरून अंदाज बांधू नका. हे क्रँक ऑगस्ट 2023 पर्यंत विकले जात होते.

शिक्का यादीत असेल तर सूचनेत स्पष्ट सांगितलं आहे की वापर थांबवा आणि अधिकृत विक्रेत्याकडून मोफत तपासणी करून घ्या. इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. सगळे क्रँक बदलून मिळत नाहीत. तपासणीत सांधा सुटल्याची खूण दिसली, तरच नवा क्रँक मिळतो. बाकीचे परत त्याच सायकलवर चढतात. याचा अर्थ, 2023 मध्ये ‘पास’ झालेला क्रँक 2025 मध्येही पासच असेल, असं कोणीही सांगितलेलं नाही. मला या सगळ्या व्यवस्थेतला हाच भाग सर्वांत कच्चा वाटतो. तपासणी एकदाच होते, पण सांधा सुटणं हळूहळू चालूच राहू शकतं. म्हणून विक्रेत्याची तपासणी झाल्यानंतरही घरची तपासणी चालू ठेवावी लागते, आणि घरची तपासणी केली म्हणून विक्रेत्याची टाळायची नाही.

सांधा सुटतो म्हणजे काय होतं? वजन कमी करण्यासाठी हा क्रँक पोकळ ठेवलेला आहे. ॲल्युमिनियमचे दोन भाग वेगवेगळे घडवून कडेने चिकटवलेले असतात. आपली करंजी डोळ्यांपुढे आणा. कड नीट दाबली गेली नसेल तर तळताना ती एका जागी उघडते, आणि एकदा उघडली की उघडतच जाते. चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या सांध्याचा शत्रू ओलावा. पाणी, घामातलं मीठ आणि किनाऱ्यावरची खारी हवा कडेतून आत शिरली की धातूच्या पृष्ठभागावर गंज धरतो, आणि चिकट थर धातूला धरून राहत नाही. बाहेरून क्रँक चकचकीत दिसत असतो. आतून मात्र दोन्ही भाग एकमेकांपासून मोकळे होत असतात. मग एखाद्या जोराच्या दाबाला उरलेली कडही उघडते.

म्हणून जे पावसाळ्यात घाटात सायकल चालवतात, अलिबाग-गुहागरच्या किनारपट्टीवर राहतात, ट्रेनरवर (घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या उपकरणावर) घाम गाळतात किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये प्रेशर पंपाने सायकल धुऊन घेतात, त्यांनी जास्त लक्ष द्यायला हवं. प्रेशरचं पाणी क्रँकवर आणि बॉटम ब्रॅकेटवर (फ्रेममधल्या क्रँकच्या बेअरिंगच्या जागेवर) मारू नका, बादली आणि ब्रश पुरेसा आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. क्रँक सायकलवर असतानाही थोडंफार दिसतं, पण खरं बघायचं तर काढावाच लागतो. 5 मिलिमीटरची ॲलन की, डाव्या क्रँकची प्लास्टिकची टोपी फिरवायचं छोटं हत्यार, बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर, रबरी हातोडी आणि टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा), एवढं लागतं. टॉर्क पाना नसेल तर बसवायचं काम दुकानात करून घ्या.

आधी चेन चेनव्हीलवरून (उजव्या क्रँकच्या दातेरी चक्रावरून) आत, बॉटम ब्रॅकेटवर उतरवा. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे सैल करा, एक पूर्ण सोडून मग दुसरा, असं करू नका. प्लास्टिकची टोपी काढा. दोन बोल्टच्या मधल्या फटीत एक लहान पट्टी असते, ती स्क्रूड्रायव्हरने वर उचला. आता डावा क्रँक हाताने ओढला की निघतो. मग डावीकडून ॲक्सलच्या (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) तोंडावर रबरी हातोडीने हलके ठोके द्या, उजवा क्रँक ॲक्सलसकट उजव्या बाजूला बाहेर येतो. पेडल काढायचे असतील तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. पाना पेडलपासून वरच्या दिशेला उभा धरून मागच्या चाकाकडे खेचला, की दोन्ही बाजूंची पेडल सुटतात.

क्रँक साबणाच्या कोमट पाण्याने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवा, कोरडा करा. डीग्रीझरमध्ये (तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रवात) भिजत ठेवू नका. मग त्याची आतली बाजू वर करून टेबलावर ठेवा आणि फोनचा टॉर्च तिरका, जवळजवळ टेबलाला समांतर धरा. समोरून मारलेल्या उजेडात फट दिसत नाही, तिरक्या उजेडात तिची सावली पडते. दोन भागांची जोडरेघ क्रँकच्या आतल्या बाजूने कडेकडेने जाते. उजव्या क्रँकवर, चेनव्हील जोडलेल्या चार हातांच्या आसपास, सर्वांत जास्त वेळ घालवा. तिथेच ताण वळतो.

निरोगी सांधा म्हणजे एकसारखी बारीक रेघ. एखाद्या ठिकाणी ती रुंद झाली असेल, एक कड दुसरीपेक्षा किंचित वर आली असेल, किंवा रेघेतून पांढरट पूड येत असेल, तर तो क्रँक परत चढवू नका. पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. नख आडवं फिरवा. बाहेरच्या बाजूला बुटाने घासून रंग उडालेला असतो, त्यावरून नख सरळ घसरतं, ते निव्वळ घासणं आहे. नख अडकलं तर गोष्ट वेगळी.

शंका राहिली तर आणखी एक युक्ती आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून जोडरेघेवरून एकदा फिरवा आणि नजर न हलवता बघत राहा. काही सेकंदांत सगळा पृष्ठभाग वाळतो. जिथे फट असते तिथे आत शिरलेलं अल्कोहोल नंतर हळूच बाहेर झिरपतं आणि सगळं कोरडं झालेलं असताना एक बारीक ओली रेघ उरते. ती दिसली की पुन्हा एकदा करून बघा. त्याच जागी रेघ उमटली तर फट आहे असं धरा. त्या जागेचा जवळून फोटो काढा, फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. दर पाचशे-सातशे किलोमीटरनंतर, आणि पावसाळा संपल्यावर तर नक्कीच, त्याच कोनातून फोटो काढून जुन्या फोटोशी ताडून बघा.

आवाजही बोलतो. दर फेऱ्याला, पेडल त्याच जागी आलं की ‘कट्’ किंवा करकर होत असेल, तर कारण शोधायचा क्रम असा. उभं राहून चालवा. आवाज थांबला तर तो सीटचा किंवा सीटपोस्टचा. नाही थांबला, तर दुसरी पेडल लावून बघा. तरीही राहिला तर क्रँक किंवा बॉटम ब्रॅकेट. ग्रीस लावून, घट्ट करूनही आवाज परत येत असेल, तर ‘जुनी सायकल आहे, करणारच’ म्हणून सोडून देऊ नका. मागून बघताना चेनव्हील एका बाजूला झुकतंय किंवा फ्रंट डिरेलरला (पुढची चेन सरकवणाऱ्या भागाला) नव्यानेच घासायला लागलंय, तर सायकल ढकलत घरी न्या.

सांधा ठीक असेल तर बसवताना ॲक्सलला पातळ ग्रीस लावा. प्लास्टिकची टोपी 0.7 ते 1.5 न्यूटन-मीटर, म्हणजे दोन बोटांच्या जोराने. ती ताकद लावून आवळली की बेअरिंग खराब होतात. मधली पट्टी खाली दाबा, तिची पिन ॲक्सलच्या भोकात बसली पाहिजे. बसत नसेल तर क्रँक पूर्ण आत गेलेला नाही, जबरदस्ती करू नका. दोन बोल्ट आलटून पालटून 12 ते 14 न्यूटन-मीटरपर्यंत. पेडल 35 ते 55.

दुसरं प्रकरण साधं आहे आणि त्याची तपासणी अर्ध्या मिनिटाची, पण परिणाम अधिक भयंकर. 2015 मध्ये एप्रिलला ट्रेक या सायकल कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे नऊ लाख सायकलींसाठी सूचना काढली, आणि त्याच वर्षी पुढे आणखी 13 कंपन्यांनी. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि क्विक रिलीजची दांडी (हत्याराशिवाय चाक काढता येणारी) अशा त्या सायकली. काही दांड्या 180 अंशांच्या बऱ्याच पलीकडे उघडतात. दांडी उघडी राहिली किंवा नीट बंद झालेली नसली, की ती डिस्कच्या भोकांत अडकू शकते आणि चाक जागच्या जागी थांबतं किंवा निखळतं. ट्रेकच्या सूचनेतल्या तीन घटनांपैकी एकात चालवणाऱ्याचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले.

तपासणीसाठी सायकल उभी करा, पुढच्या चाकाची दांडी पूर्ण उघडा आणि तिला डिस्ककडे जितकी जाईल तितकी जाऊ द्या. दांडी आणि डिस्क यांच्यात किमान 6 मिलिमीटर मोकळी जागा हवी. घरातली 6 मिलिमीटरची ॲलन की हेच माप. ती फटीतून जात नसेल तर क्विक रिलीज बदला. रिकॉलमध्ये तो मोफत मिळतो, आणि विकत घ्यायचा झाला तरी दवाखान्याच्या तुलनेत काहीच नाही. शिवाय बंद करायची पद्धत शिका. दांडी नटासारखी गोल फिरवून आवळायची नसते. समोरचा नट फिरवून असा बेत करा, की दांडी चाकाच्या ॲक्सलच्या रेषेत सरळ उभी असताना जोर लागायला सुरुवात होईल आणि पूर्ण मिटताना तळहातावर तिचा वळ उमटेल. मुलांच्या डिस्क ब्रेकवाल्या सायकलीही बघा, चाक काढून गाडीत टाकणं त्यांच्याच बाबतीत जास्त होतं.

सेकंडहँड भागांबद्दल मी आग्रहाने बोलणार आहे. जुने अल्टेग्रा क्रँक आपल्याकडे ऑनलाइन आणि ग्रुपवर सर्रास विकले जातात, काही परदेशातून बॅगेत येतात. पहिल्या मालकाला आलेला ईमेल दुसऱ्याला येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी शिक्क्याची दोन अक्षरं, आतल्या बाजूचा तिरक्या उजेडातला फोटो आणि तपासणीची नोंद मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. अमेरिकेत रिकॉल झालेली वस्तू विकणं बेकायदा आहे, वापरलेलीसुद्धा. आपल्याकडे ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 20 खाली धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकतं. तक्रार करायची वेळ आली तर बिल, बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला फ्रेम नंबर आणि फोटो हेच तुमचे साक्षीदार.

फट सापडलेल्या क्रँकमध्ये अरल्डाइट भरू नका. आतला गंज तसाच राहतो, आणि विक्रेत्याला दाखवायची खूण मात्र झाकली जाते. क्रँक आहे त्या अवस्थेत विक्रेत्याकडे न्या. तोपर्यंत घरात ठेवायचा असेल तर दोन्ही क्रँकवर मार्करने ठळक लिहा, ‘फट आहे, बसवू नये’, आणि खाली तारीख टाका. माळ्यावरच्या खोक्यात पडलेला चकचकीत क्रँक पुढच्या वर्षी घरातलंच कोणीतरी काढतं आणि दुसऱ्या सायकलला लावतं.