आधी शेवटच्यांची मजुरी

[दृश्य: पहाट. द्राक्षमळा, दगडी कुंपण.]

येशूचा शिष्य पेत्र याने त्याला सरळच विचारलं होतं, "आम्ही सगळं सोडून आपल्या मागे आलो. आम्हाला काय मिळणार?" येशूने आधी भरघोस आश्वासन दिलं. आणि पाठोपाठ एक दाखला सांगितला. बायबलमध्ये, येशूची कथा सांगणाऱ्या मत्तयच्या शुभवर्तमानात, 20व्या अध्यायात तो आहे.

मळ्याचा धनी भल्या पहाटे बाजारात जातो, दिवसाला एक दीनार ठरवून मजूर आणतो. दीनार म्हणजे रोमी चांदीचं नाणं, मजुराची तेव्हाची साधारण दिवसभराची कमाई. धनी नऊच्या सुमारास पुन्हा जातो, मग बाराला, तीनला. पाच वाजता, दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, तिथे अजून माणसं उभीच.

"दिवसभर रिकामे का उभे राहिलात?"

"आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही."

[दृश्य: संध्याकाळ. हातावर पडणारी नाणी.]

मजुरी त्याच दिवशी चुकती करायची, हा मोशेच्या, म्हणजे यहुद्यांच्या, नियमशास्त्राचा दंडक. पण धनी कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. गोष्टीची सगळी मेख इथे आहे. पहाटेच्यांना आधी पैसे मिळाले असते, तर ते दीनार कनवटीला लावून घरी गेले असते, कुरबुरीचं कारणच नव्हतं. आता मात्र तासभर राबलेल्याच्या हातावर अख्खा दीनार पडताना ते बघतात आणि मनातल्या मनात हिशेब मांडतात. ऐकणाराही मांडतो. मग त्यांच्या हातावर पडतो एकच दीनार.

ते कुरकुरतात, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही त्यांचंच पटतं. दिवसभराचं ऊन त्यांनी काढलं!

यरुशलेमी तालमुद या यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथात रब्बींचा, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचा, असाच एक दाखला आहे, तरुणपणी वारलेल्या एका रब्बीला निरोप देताना सांगितलेला. तिथे दोनच तास काम केलेल्याला पूर्ण मजुरी मिळते आणि राजा कारणही देतो: तुम्ही दिवसभरात केलं नाही, ते याने दोन तासांत केलं. ऐकणाऱ्याचं समाधान होतं. येशूच्या गोष्टीतला धनी असं काही सांगत नाही. "गड्या, ठरलं तेवढं तुला दिलं ना? मी उदार आहे म्हणून तुझ्या डोळ्यांत खुपतं का?" मजुरांचं उत्तर मत्तयने लिहिलेलं नाही.

शिष्यांना यातलं कितपत उमगलं? मत्तयच्या त्याच अध्यायात थोडं पुढे जब्दीच्या मुलांची, म्हणजे दोघा शिष्यांची, आई येशूकडे येते. माझ्या याकोबाला आणि योहानाला आपल्या राज्यात उजव्या-डाव्या हाताला बसवा, म्हणते. ते ऐकून उरलेले दहा शिष्य भडकतात.