मधमाशी चावली? एटीएम कार्ड शोधत बसू नका!

नमस्कार मंडळी. हो, ओठ सुजलाय. नाही, फिलर वगैरे काही केलेलं नाही. मागच्या व्हिडिओखाली सगळे तेच विचारतायत, म्हणून एकदाच सांगून टाकते: मधमाशी चावली. पुन्हा.

पुन्हा म्हणजे काय, तर शाळेची सहल सिंहगडावर, अख्खा वर्ग पिठलं-भाकरी खातोय, चावली मला. तळजाईवर मैत्रिणींच्या घोळक्यात मी मधोमध चालतेय, तरी चावली मलाच. आणि गाडीवर आपला पुणेरी स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला, वर हेल्मेट, आणि माशी त्याच्या आत! कर्वे रोडचा सिग्नल सुटेपर्यंत ती आणि मी, दोघी कोंडलेल्या. तेव्हापासून आमचे काका हेल्मेटसक्तीविरुद्ध माझा दाखला देतात. आजीचं निदान वेगळं, 'तुझं रक्तच गोड गं.'

बरं, बेसिक पटकन. डंख फक्त माद्या मारतात, नराला नांगीच नसते. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती आपल्या कातडीत अडकते आणि तुटून राहते; माशी मरते. गांधीलमाशी नांगी सोडून जात नाही, पुन्हा पुन्हा मारू शकते. म्हणजे गांधीलमाशीनं मारलं तर काटा, म्हणजे तुटलेली नांगी, शोधू नका, नसतोच. झालं बेसिक.

आता माझं खरं दुखणं. काटा लगेच काढा. कसाही काढा. 'ताई, चिमटीनं काढायचा नाही, विष आत दाबलं जातं, एटीएम कार्डनं खरवडायचा' अशा कमेंट शेकड्यांनी येतात. अहो, तुटलेल्या नांगीसोबत विषाची पिशवी आणि स्नायूही येतात. माशी गेली तरी ते स्नायू आपले आपण चालू राहतात आणि विष आत ढकलतात. बहुतेक विष पहिल्या २० सेकंदांतच आत जातं. तुम्ही पर्स उघडणार, त्यातून पाकीट काढणार, त्यातलं कार्ड... संपलं की सगळं!

आणि हे माझं मत नाही. १९९६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर शोधनिबंध आलाय. संशोधकांनी मुद्दाम डंख करून घेतले, काही काटे चिमटीनं काढले, काही खरवडून. कातडीवर उठलेल्या गांधीच्या आकारात फरक पडला नाही. फरक पडला तो उशीर केल्यानं, काही सेकंदांच्या उशिरानंसुद्धा. तरी खाली कोणीतरी लिहिणारच, 'पण कार्डनं काढलं तर बरं ना?' कार्ड हातातच असेल तर काढा बाबा! नख आहे ना? नखानं काढा.

चुन्याचं पण सांगते. 'विष आम्ल असतं, चुन्यानं मरतं.' विष कातडीच्या आत गेलंय, चुना वर लावताय. आणि त्यातला मुख्य घटक मेलिटिन, ते प्रथिन आहे, चुन्याला भीक घालत नाही. साबणानं धुवा, बर्फ लावा, बास.

काटा काढून झाला की तिथून सटका. का? डंखासोबत एक वास सुटतो, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, पिकलेल्या केळ्यासारखा. बाकीच्या माश्यांना तो इशारा असतो, इथे मारा. म्हणून एक चावली की दुसरी तिथेच येते. हात झाडत नाचू नका. तोंड झाकून सरळ पळा, घरात किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, डोकं वर काढलं की पुन्हा गाठतात.

एवढं मात्र गंमत न करता ऐका. जिथे चावली तिथे सूज, दुसऱ्या दिवशी खाज, हे ठीक. पण अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास लागला, चक्कर आली, तर बर्फ नाही आणि चुना नाही. १०८ लावा. तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. खूप डंख झाले असतील तर त्रास नसला तरी डॉक्टरकडे जा.

आता ज्यांच्या सोसायटीत टाकीखाली आग्या मोहोळ लटकलंय ते. ग्रुपवर 'जाळून टाका' सुरू झालं असेल. अजिबात जाळू नका, दगड तर मुळीच नको. आपल्याच पुण्यात, गणेशखिंड रस्त्यावर, १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. आधी जाणकाराला विचारा. तोवर रात्री बाल्कनीतला दिवा बंद ठेवा. आग्या माश्या उजेडावर येतात आणि सकाळी अर्धमेल्या होऊन फरशीवर पडलेल्या असतात. तिथे अनवाणी पाऊल टाकू नका. कुठल्या पायाला, ते कमेंटमध्ये विचारू नका.