दुसरा हात दाखवा

[दृश्य: टेबलावर एक रुपयाचं नाणं, अगदी जवळून]

वर्षाच्या आकड्याखाली बघा. छोटासा हिरा दिसतोय? म्हणजे हे नाणं मुंबईत पाडलेलं. फोर्टात, रिझर्व्ह बँकेसमोरच्या टांकसाळीत. हैदराबादच्या नाण्यावर तारा असतो, नोएडाच्या नाण्यावर ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसतं.

[एक हात नाणं उचलतो. मूठ मिटते, उघडते. रिकामी.]

हे गेलं. कुठे गेलं, ते आम्ही सांगणार आहोत. जादूगार मंडळींनी रागावू नये. इथे सांगितलेल्या बहुतेक युक्त्या कित्येक दशकांपासून पुस्तकांत छापलेल्या आहेत. पुस्तक वाचून नाणं लपवता येत नाही, हे त्यांनाही चांगलं ठाऊक आहे.

[दृश्य: चाळीतली खोली, रविवार सकाळ]

परळ. शिकवणारे काका बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. शिकणारी मुलगी डोंबिवलीहून येते, एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करते. दोघांनीही नाव नको म्हणून सांगितलंय. काकांचं म्हणणं, जादूगार म्हणून ओळख झाली की लोक चहा पितानासुद्धा हाताकडेच बघत बसतात.

ती उजव्या तळहातात नाणं धरून हात खाली सोडते.

‘काका, दिसतंय का?’

‘नाणं नाही दिसत गं. काहीतरी लपवलंयस, एवढं दिसतंय.’

तिच्या हाताकडे नीट बघा. अंगठा ताठ बाहेर आलाय, बोटं अर्धवट आखडलीत. डावा हात मात्र सैल, मस्त लोंबतोय. बघणाऱ्याला युक्ती कळायची गरजच नाही. एक हात दुसऱ्यासारखा वागत नाहीये, एवढं पुरतं.

[दृश्य: तळहात, जवळून]

या पकडीला क्लासिक पाम म्हणतात. अंगठ्याच्या मुळाशी मांसल उंचवटा असतो आणि समोर, करंगळीच्या बाजूला, दुसरा. मधल्या दोन बोटांच्या टोकांनी नाणं आत ढकलायचं आणि या दोन उंचवट्यांनी त्याच्या कडा धरायच्या. बोटांचं काम तिथे संपतं. ती मोकळी राहिली पाहिजेत. त्या हाताने पेन धरता यावं, चष्मा सारखा करता यावा. सुरुवातीला सगळेच जोर लावतात. खरं तर लागतो तो अगदी हलका दाब, आणि नाणं बसण्याची नेमकी जागा. ती जागा प्रत्येकाच्या हातात थोडी वेगळी असते, म्हणून ती दुसऱ्याला दाखवता येत नाही. ज्याची त्यानेच शोधायची.

फिंगर पाम त्या मानाने सोपा. मधलं बोट आणि अनामिका यांच्या मुळाशी नाणं ठेवून बोटं किंचित वाकवायची. माणूस उभा असताना बोटं तशीही वाकलेलीच असतात, त्यामुळे सरावलेले जादूगारसुद्धा पुन्हा पुन्हा याच पकडीकडे येतात. थंब पाममध्ये नाणं अंगठ्याच्या बेचक्यात अडकतं.

[दृश्य: फूटपट्टीशेजारी तीन नाणी]

आता अडचण नाण्याची. नाण्यांच्या जादूवरची बरीच पुस्तकं लिहिली गेली ती अमेरिकेचं अर्ध्या डॉलरचं नाणं धरून. व्यास ३०.६ मिलिमीटर, वजन ११ ग्रॅमच्या वर, कड दातेरी. आपला २०१९च्या मालिकेतला रुपया २० मिलिमीटरचा आणि जेमतेम ३ ग्रॅमचा. गुळगुळीत स्टेनलेस स्टील. मोठ्या माणसाच्या तळहातात त्याच्या कडा दोन्ही उंचवट्यांपर्यंत पोचतच नाहीत. दहाचं किंवा वीसचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, त्यावर भागतं.

पण काकांच्या डब्यात वेगळाच ऐवज आहे. राणीछाप चांदीचा रुपया. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. व्यास अर्ध्या डॉलरच्या अगदी जवळचा. परदेशातले जादूगार झिजलेली चांदीची नाणी शोधत फिरतात, कारण ती एकमेकांवर आपटली तरी आवाज कमी होतो. स्टीलची दोन नाणी तळहातात ठेवा, लगेच चुगली करतात. तसे झिजलेले रुपये आपल्या आजीच्या पेटीत होते, आणि आजही चोर बाजारात मिळतात. नकलीही मिळतात. पण सरावाला नकली चालतं, आणि दुकानदारापुढे हे बोलायचं नसतं.

[दृश्य: जुन्या तारयंत्राचं चित्र]

ही कला टोकाला नेणारा एक माणूस रेल्वेतला होता. टी. नेल्सन डाउन्स, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मार्शलटाउनला तारबाबू. पुढे स्वतःला ‘नाण्यांचा राजा’ म्हणवून घेत तो १८९९ साली लंडनच्या पॅलेस थिएटरात पोचला. हवेतून एकामागून एक नाणी काढायची आणि हॅटमध्ये टाकायची, हा त्याचा खेळ. तीच ती मोजकी नाणी हातात फिरत असायची.

[दृश्य: फ्रेंच ड्रॉप, सावकाश]

आता फ्रेंच ड्रॉप. डाव्या हाताच्या बोटांत नाणं आडवं धरलंय. उजवा हात ते घ्यायला येतो. त्याचा अंगठा नाण्याखालून जातो, बोटं वरून झाकतात. त्या क्षणी नाणं सुटतं आणि डाव्याच तळहातात पडतं. उजवा हात मूठ मिटून निघून जातो. प्रेक्षकांना हातावर तुरी देण्याचा हा सर्वांत जुन्या प्रकारांपैकी एक.

तो चालतो कशामुळे? केंब्रिजच्या संशोधकांनी हा प्रयोग तीन जातींच्या माकडांपुढे केला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. नाण्याऐवजी खाऊ होता. कॅपुचिन आणि स्क्विरल माकडं बहुतेक वेळा रिकाम्या मुठीकडे गेली. मार्मोसेट मात्र क्वचितच फसले. त्यांचा अंगठा बोटांसमोर येऊन चिमूट करू शकत नाही. अंगठा आत गेला म्हणजे वस्तू घेतली, हा हिशेबच त्यांच्या डोक्यात नाही. आपल्या डोक्यात तो पक्का बसलेला आहे. आपण फसतो ते या हिशेबामुळे, त्या दोन सेकंदांत आपला हात मनातल्या मनात ते नाणं उचलत असतो म्हणून.

आणि नजर. २००६ साली गुस्ताव्ह कून आणि मायकल लँड या संशोधकांनी चेंडूवर एक प्रयोग केला. जादूगार दोनदा चेंडू वर उडवतो. तिसऱ्यांदा नुसता हात हलवतो, पण वर बघतो. सुमारे दोनतृतीयांश लोकांना चेंडू वर गेलेला ‘दिसला’. त्याने हाताकडे बघितलं, तेव्हा साधारण एकतृतीयांश लोकांनाच. म्हणून काका तिला नाण्याकडे बघूच देत नाहीत. नाणं जिथे ‘गेलंय’ तिकडे बघ, म्हणतात. ऐकायला सोपं आहे. हातात खरं नाणं असताना खोट्या मुठीकडे मनापासून बघणं किती अवघड असतं, ते आरशासमोर करून पाहा.

[दृश्य: लोकलचा महिला डबा]

तिचा सराव गाडीतच होतो. उजव्या तळहातात नाणं आणि त्याच हाताने बॅग धरायची, तिकीट काढायचं, ओढणी सावरायची. मुंबईची दमट हवा इथे उपयोगी पडते. कोरड्या हातातून नाणं निसटतं, किंचित ओल्या हातात ते बसतं. जास्त घाम आला की मात्र चिकटतं आणि पडायला हवं तेव्हा पडत नाही. घाटकोपरला उतरणाऱ्यांचा लोंढा आला की कधीतरी ते खाली पडतंच. ‘अगं, तुझे पैसे पडले,’ म्हणून कुणीतरी उचलून देतं. डब्यात अजून कुणाला संशय आलेला नाही.

काकांनी हे बसमध्ये केलं. एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात पंच आणि वर चिल्लर. कंडक्टरच्या मुठीत नाणी असतात, हे गृहीतच धरलेलं असतं. त्या हाताकडे कोण बघणार?

रस्त्यावर खेळ करावा, तर १९५९चा भिक्षा प्रतिबंध कायदा आडवा येतो. गाणं, नाच, भविष्य, खेळ यांच्या आडून पैसे मागणंही त्याच्या व्याख्येत बसतं. मदाऱ्याकडून आलेल्या कलेला या शहरात फुटपाथ नाही, ही गोष्ट आम्हाला खटकते. उरतात वाढदिवस आणि सोसायटीचे गणपती.

तिथे नवीच गंमत. ‘कुणी एक नाणं देता का?’ असं जादूगाराने विचारायची पद्धत, म्हणजे नाण्यावर संशय राहत नाही. आता लोक खिसे चाचपतात आणि मोबाइल काढतात. वडापावच्या गाडीवरसुद्धा क्यूआर कोड लागल्यावर चिल्लर घेऊन कोण फिरतंय? नाणं स्वतःचंच न्यावं लागतं, आणि मग ते तपासायला हातोहात फिरवावं लागतं.

[दृश्य: सोसायटीचं आवार, गणपतीचा मांडव]

मुलं सतरंजीवर, अगदी पुढे. हे सर्वांत कठीण प्रेक्षक. मोठी माणसं जादूगाराच्या तोंडाकडे बघतात, मुलं हवं तिकडे. शिवाय ती खाली बसलेली, त्यामुळे खाली सोडलेल्या हाताचा तळवा त्यांना आतून दिसतो. म्हणून आज क्लासिक पाम नाही, फिंगर पाम.

ती नाणं उजव्या मुठीत देते, फुंकर मारते, मूठ उघडते. टाळ्या.

‘ताई, दुसरा हात दाखव!’

ती दाखवते. स्कॉटलंडमधल्या आयर गावचा किराणा दुकानदार आणि जादूगार जॉन रॅमसे, त्याची ही युक्ती: बोटांची टोकं सरळ प्रेक्षकांकडे, तळवा उघडा, आणि नाणं वाकलेल्या बोटांच्या मुळाशी आडोशाला.

‘तसा नाही. पूर्ण उघड!’

मागच्या खुर्चीवरून काका हसतात. ती हात पूर्ण उघडते. तोवर नाणं ओढणीच्या घडीत पोचलेलं असतं.