मुंबईत जन्मलेली कॅथी

[दृश्य : यॉर्कशरचं माळरान. वाऱ्याने आडवं झालेलं गवत. दूरवर एक दगडी घर.]

सुगीचे दिवस सुरू झालेत. उत्तर इंग्लंडातल्या या माळावरचा एक शेतकरी, अर्नशॉ, लिव्हरपूलला निघालाय. साठ मैल जायचं, साठ मैल यायचं, तेही पायी. निघताना तो मुलांना विचारतो, काय आणू तुमच्यासाठी? थोरला हिंडली फिडल मागतो. कॅथी जेमतेम सहा वर्षांची, पण तबेल्यातल्या कुठल्याही घोड्यावर बसते. ती मागते चाबूक.

तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला अर्नशॉ परततो. कोटात त्याने एक पोर गुंडाळून आणलंय. मळकं, फाटक्या कपड्यांतलं, काळ्याभोर केसांचं. लिव्हरपूलच्या रस्त्यावर ते उपाशी भटकत होतं आणि ते कुणाचं, कुठलं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. खिशातलं फिडल चुरा होऊन बाहेर निघतं, चाबूक वाटेत कुठेतरी हरवलेला. हिंडली भोकाड पसरतो. कॅथी त्या पोरावर थुंकते आणि बापाच्या हातचा मार खाते.

अर्नशॉंचा एक मुलगा लहानपणीच वारला होता. त्याचं नाव या पोराला देतात : हीथक्लिफ. नाव तेच, आडनावही तेच.

ज्या कथेला जग दीडशेहून अधिक वर्षं प्रेमकथा म्हणत आलंय, तिच्यातल्या नायक-नायिकेची पहिली भेट ही अशी आहे.

[दृश्य : हॉवर्थ. पाद्र्याचं घर, समोर दफनभूमी.]

'वुदरिंग हाइट्स' लिहिणारी एमिली ब्रॉन्टी हॉवर्थच्या पाद्र्याची मुलगी. घराच्या पुढ्यात थडगी, पाठीमागे मैलोन्‌मैल माळ. कादंबरी डिसेंबर १८४७ मध्ये लंडनच्या टॉमस न्यूबीने काढली, 'एलिस बेल' या टोपणनावाने. एमिली आणि तिची धाकटी बहीण अ‍ॅन यांनी आपापल्या कादंबऱ्या छापून याव्यात म्हणून त्याला ५० पौंड आगाऊ दिले होते. पुस्तकातला क्रूरपणा पाहून परीक्षणकर्ते हबकले. त्यांतल्या पाच परीक्षणांची कात्रणं एमिलीच्या लेखनपेटीत सापडली. ती जपून ठेवणारी ही बाई १९ डिसेंबर १८४८ रोजी क्षयाने गेली. वय अवघं तीस. दुसरी आवृत्ती तिने पाहिली नाही आणि दुसरी कादंबरी तिच्याकडून आपल्याला मिळाली नाही.

हीथक्लिफ कोण, हे एमिली शेवटपर्यंत सांगत नाही. पण तो गोरा नाही, हे ती पुन्हापुन्हा सांगते. पहिल्याच प्रकरणात भाडेकरू लॉकवुडला तो सावळ्या जिप्सीसारखा दिसतो. शेजारचे श्रीमंत लिंटन त्याला पाहून म्हणतात, हा एखादा छोटा लास्कर असेल, नाहीतर अमेरिकेचा किंवा स्पेनचा कुणी वाहून आलेला. पूर्वेच्या समुद्रातून इंग्रजी जहाजांवर आलेल्या खलाशांना लास्कर म्हणत. त्यांत आपल्या कोकणपट्टीतलेही असत. आणि लिव्हरपूल तर कथा घडते त्या अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं. एमिलीने गावाचं नाव उगाच घातलं असेल, असं मला वाटत नाही.

सातव्या प्रकरणात आरशासमोरचा एक प्रसंग आहे. हीथक्लिफ मोलकरीण नेलीला म्हणतो, माझे केस सोनेरी असते, कातडी गोरी असती तर! नेली त्याची समजूत घालते. कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा सम्राट असेल आणि आई हिंदुस्थानातली राणी! पोराचा चेहरा जरासा उजळतो, आणि थोड्याच वेळात हिंडली त्याला पाहुण्यांसमोरून हाकलून देतो. पुढे हीथक्लिफने उगवलेला सगळा सूड या एका दुपारी मला स्पष्ट दिसतो. राक्षस जन्माला येत नाही, घरातली माणसंच तो घडवतात, हे एमिलीने इतक्या कमी शब्दांत दाखवलंय.

[दृश्य : १९३९च्या चित्रपटातली कृष्णधवल दृश्यं. बर्फ, दिवा, खिडकी.]

हॉलिवूडचा निर्माता सॅम्युएल गोल्डविन याने १९३९ मध्ये ही कादंबरी पडद्यावर आणली. दिग्दर्शक विल्यम वायलर, पटकथा बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांची. हीथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए, कॅथी मर्ल ओबेरॉन आणि तिचा नवरा एडगर लिंटन झाला डेव्हिड निव्हन. यॉर्कशरचा माळ कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर उभा केला. कथेचा काळही अर्ध्या शतकाने पुढे सरकवला, त्यामुळे बायकांच्या अंगावर घेरदार झगे आले.

मोठी काटछाट मात्र कथेतच झाली. कादंबरीची प्रकरणं ३४. कॅथी सोळाव्यात मरते, म्हणजे जेमतेम अर्ध्यावर. हीथक्लिफ त्यानंतर अठरा वर्षं जगतो आणि ती सगळी वर्षं पुढच्या पिढीला छळण्यात घालवतो. हिंडलीच्या मुलाला, हेअरटनला, तो मुद्दाम निरक्षर ठेवतो, हिंडलीने आपलं शिक्षण तोडलं होतं त्याची परतफेड म्हणून. शेवटी कॅथीची मुलगी त्या दांडग्या मुलाला अक्षर-अक्षर लावत वाचायला शिकवते आणि सूडाचा धागा तिथे तुटतो. चित्रपटात यातलं काहीच नाही. कॅथीला मूलच नाही. हेअरटन नाही, वाचनाचे धडे नाहीत. उरतात दोन प्रेमी आणि एक वादळ. चित्रपट मला मनापासून आवडतो, पण हे नुकसान मोठं आहे असंच मी म्हणेन, कारण एमिलीने आपल्या कथेला दिलेलं उत्तर त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

आणि हीथक्लिफचा रंग? तो गेला नाही, त्याची धूळ झाली. ऑलिव्हिएचा हीथक्लिफ तबेल्यातला पोऱ्या आहे, अंगावर मळ, केस विस्कटलेले. कॅथी त्याच्या हातांवरून त्याला बोलते, तेव्हा तो तिच्या थोबाडीत मारतो. म्हणतो, तुझ्या लेखी मी एवढाच उरलो, मळक्या हातांची जोडी. मग तेच हात तो खिडकीच्या काचेत खुपसतो. प्रसंग जबरदस्त आहे. पण मळ धुता येतो. परदेशातून पैसा कमावून परतलेला हीथक्लिफ स्वच्छ, रुबाबदार, आणि आता तो कुणाहून कमी नाही. कादंबरीतल्या हीथक्लिफला साबणाने किंवा पैशाने जाणार नाही असं काहीतरी चिकटलेलं होतं.

नेलीचं ते राणीचं वाक्य मात्र पटकथेत टिकलं. चित्रपटात ते लहानगी कॅथी हीथक्लिफला म्हणते : तुझी आई हिंदुस्थानातली राणी होती. त्याच कॅथीचं मोठेपण रंगवणारी बाई स्वतः मुंबईत जन्मली होती आणि ते ती जगापासून लपवत होती.

[दृश्य : विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई. मग मर्लचं स्टुडिओतलं छायाचित्र.]

जन्म १९ फेब्रुवारी १९११. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन, घरचं लाडकं नाव क्वीनी. अँग्लो-इंडियन घरातली, सिलोनशी नातं असलेली मुलगी. शार्लट नावाच्या बाईने तिला आई म्हणून वाढवलं. खरं तर शार्लट तिची आजी. जन्म दिला होता शार्लटची मुलगी कॉन्स्टन्सने, आणि ती तेव्हा स्वतः पोरवयात होती. घरात मर्ल कॉन्स्टन्सला बहीण समजत वाढली. मुंबईहून हे कुटुंब कलकत्त्याला गेलं, तिथून मर्ल युरोपात गेली. लंडनला चित्रपट-निर्माता अलेक्झांडर कोर्डाने तिला पडद्यावर आणलं आणि प्रसिद्धीसाठी एक जन्मकथा ठरली : मुलगी टास्मानियाची, घर गोऱ्या इंग्रजांचं. टास्मानिया इतकं दूर की तिथे विचारायला कोण जाणार?

खोटं बोलली म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी तो काळ आधी पाहावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सांगितलं होतं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व मिळणार नाही. तो दरवाजा १९४६ मध्ये थोडासा उघडला. चित्रपटांवर १९३४ पासून कडक आचारसंहिता लागू होती आणि गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला तिच्यात बंदी होती. स्टुडिओ ती बंदी आशियाई कलावंतांपर्यंत ताणत. चिनी वंशाच्या अ‍ॅना मे वाँगसारख्या गाजलेल्या अभिनेत्रीला चिनी शेतकरणीची मोठी भूमिका मिळाली नाही. ती गोऱ्या अभिनेत्रीकडे गेली आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. अशा वेळी मर्लने 'मी मुंबईची' म्हटलं असतं, तर कॅथी तिला मिळाली असती का? ती ऑलिव्हिएच्या मिठीत दिसली असती का?

शार्लट तिच्याजवळ लंडनला राहायची. पाहुण्यांना ती घरकामाची बाई म्हणून दाखवली जायची, असं सांगतात. १९३७ मध्ये ती वारली. पुढे १९४९ मध्ये मर्लने एका जुन्या फोटोवरून तिची चित्रं काढून घेतली आणि चित्रकाराला रंग उजळ करायला सांगितलं, अशीही हकीकत आहे. ती चित्रं मर्लच्या प्रत्येक घरात तिच्या मरणापर्यंत होती. ही लाजही होती आणि माया पण, आणि मला दोन्ही खरी वाटतात.

[दृश्य : स्वयंपाकघराचा प्रसंग. एलन आणि कॅथी. दाराआड सावली.]

आता चित्रपटातला तो स्वयंपाकघराचा प्रसंग बघा. एडगरने लग्नाची मागणी घातलीय. कॅथी ते एलनला सांगतेय. कादंबरीतली नेली इथे एलन झालीय, भूमिका फ्लोरा रॉबसनची. दाराआड हीथक्लिफ उभा आहे. कॅथी म्हणते, हीथक्लिफशी लग्न केलं तर मी खाली उतरेन. एवढं ऐकून हीथक्लिफ निघून जातो. पुढचं तो ऐकत नाही. पुढे ती म्हणते, एलन, मी म्हणजेच हीथक्लिफ आहे! आणि बाहेर वीज कडाडते.

मर्लच्या अभिनयाला अनेक समीक्षक फिके म्हणतात. कॅथीचा रानटीपणा तिच्यात पुरता नाही, हे मलाही दिसतं. पण या दोन वाक्यांच्या मधला तिचा चेहरा नीट पाहा. आपलं ज्याच्याशी नातं आहे त्याला नाकारायचं, आणि तोच आपण आहोत हेही माहीत असायचं. ऑलिव्हिएला तिच्या जागी व्हिव्हियन ली हवी होती. वायलरने लीला दुय्यम भूमिका देऊ केली, ती तिने नाकारली. तीही हिंदुस्थानातच, दार्जिलिंगला जन्मलेली. ली ती कॅथी अधिक तडफेने करू शकली असती, पण या ओळीमागे जे जगणं होतं ते मर्लचं होतं.

सेटवर ऑलिव्हिए आणि मर्लचं अजिबात जमत नव्हतं. बोलताना त्याची थुंकी उडते, अशी तिची तक्रार होती आणि त्यावरून जोरात भांडण झालं. वायलर एकच शॉट पुन्हापुन्हा घ्यायचा. रंगभूमीवरचा आवाज घेऊन आलेल्या ऑलिव्हिएला कॅमेऱ्यापुढे कमी करायला त्याने शिकवलं, आणि ऑलिव्हिएने पुढे ते ऋण मोकळेपणाने मानलं. छायाचित्रण ग्रेग टोलंडचं. कॅथी मरते तो प्रसंग त्याच्यासाठी पाहा. हीथक्लिफ तिला उचलून खिडकीशी आणतो, माळ दाखवतो, आणि ती उभ्या-उभ्या त्याच्या हातांत जाते. कादंबरीत तेव्हा तो घराबाहेर झाडाखाली असतो आणि बातमी कळल्यावर खोडावर डोकं आपटतो. चित्रपटाचा प्रसंग हळवा आहे, पण टोलंडच्या उजेडाने तो स्वस्त झालेला नाही. त्या वर्षीचं कृष्णधवल छायाचित्रणाचं ऑस्कर त्यालाच मिळालं. आठ नामांकनांपैकी हाती आलेलं हे एकच.

शेवटी बर्फातून दोन भुतं हातात हात घालून चालताना दिसतात. हा गोल्डविनचा हट्ट. वायलरने ते चित्रित करायला नकार दिला. मग दुसऱ्या दिग्दर्शकाकडून, पाठमोऱ्या बदली नटांवर ते उरकलं.

[दृश्य : होबार्ट, टास्मानिया. मग जुन्या नोंदवह्यांची पानं.]

कॉन्स्टन्सच्या एका मुलाला पुढे मुंबईच्या सरकारी दप्तरात मर्लच्या जन्माची नोंद सापडली. आई म्हणून कॉन्स्टन्सचं नाव. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला, तिने भेट नाकारली. १९७८ मध्ये होबार्टमध्ये 'आपल्या गावची मुलगी' म्हणून तिचा सत्कार झाला. तिथेही ती खरं बोलू शकली नाही. २३ नोव्हेंबर १९७९ रोजी ती गेली आणि १९८३ मध्ये तिच्या चरित्रातून मुंबई उघड झाली.

१९३५च्या एका चित्रपटासाठी तिला सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं होतं. २०२३ मध्ये मिशेल योचं नाव त्या यादीत आलं, तेव्हा पहिली आशियाई कोण यावर वाद झाला आणि मर्लचं नाव निघालं. तिने स्वतः सांगितलं नव्हतं म्हणून तिला मोजायचं नाही, असं काहींनी म्हटलं. माझ्या मते तिला मोजायला हवं. न सांगण्याची सक्ती ज्यांनी केली, त्यांच्या नियमाने आपण तिला पुन्हा यादीबाहेर ठेवू नये.