पिशवी येते कुठून? सोलापूर आणि प्लास्टिकचा कायदा

(दृश्य: यंत्रमागाचा खडखडाट, धावता धोटा. मग सकाळची मंडई.)

सोलापूर कापडावर उभं राहिलेलं शहर. पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून आजही माग ऐकू येतात. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. आणि याच शहराच्या मंडईत कोथिंबिरीची एक जुडी घेतली, तरी ती चुरचुरणाऱ्या पातळ कॅरीबॅगेत पडते.

ही पिशवी महाराष्ट्रात २०१८ पासून बेकायदा आहे. कमी जाडीची असो, जास्त जाडीची असो. मग ती मंडईत येते कुठून?

(दृश्य: पावसात तुंबलेलं गटार, काठावर अडकलेलं प्लास्टिक.)

२६ जुलै २००५ ला मुंबई पाण्याखाली गेली, तेव्हा नाले कशाने तुंबले होते हे सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी राज्याने अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली. लोकांना तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांची कैद.

बंदी फक्त पिशवी वापरणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर नाही. ती बनवणं, तिची वाहतूक करणं, ती साठवून ठेवणं, या सगळ्यावर आहे. हे लक्षात ठेवा.

केंद्राचे नियम वेगळे आहेत आणि तिथे सगळं बोलणं मायक्रॉनमध्ये चालतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १९९९ मध्ये पिशवी किमान २० मायक्रॉन जाड हवी होती. २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून बारीक असतो.

पण सरकार जाडी का वाढवत नेतं? जाड पिशवीत तर प्लास्टिक जास्तच लागणार.

याचं उत्तर भंगाराच्या तराजूत आहे. तीस सेंटीमीटर रुंद आणि चाळीस सेंटीमीटर उंच अशी साधी पिशवी घ्या. २० मायक्रॉनची असेल तर एक किलो भरायला अशा सव्वादोनशेच्या आसपास पिशव्या गोळा कराव्या लागतात. १२० मायक्रॉनच्या चाळीसही पुरेशा होतात. कचरा वेचणारी बाई दिवसभर उन्हात वाकते ती वजनासाठी. मातीने, भाजीच्या पाण्याने माखलेली फिनफिनीत पिशवी उचलून तिच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून ती पिशवी गटारात, नाल्यात, गाईच्या पोटात जाते. दुसरी गोष्ट किमतीची. जाड पिशवी महाग पडते आणि महाग वस्तू दुकानदार फुकट वाटत नाही. मायक्रॉनचा नियम या दोन माणसांचा विचार करून केलेला आहे, आणि तो विचार मला पटतो.

महाराष्ट्र त्याच्याही पुढे गेला आणि कॅरीबॅग पूर्ण बंद केली. त्यामुळे "ही १२० ची आहे, चालते," असं कुणी सांगितलं तर ते राज्याच्या अधिसूचनेत बसत नाही.

(दृश्य: कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्यांचा गठ्ठा.)

ही पिशवी मात्र नीट बघा. मिठाईच्या दुकानात, साडीच्या दुकानात मिळते आणि लोक तिला कापडी समजून घरी नेतात. तिच्यात ना सूत आहे ना वीण. ती पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. केंद्राच्या नियमात हिलाही अट आहे, ६० जीएसएमपेक्षा, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा, हलकी चालणार नाही. जीएसएम काय असतं, हे सोलापूरच्या टॉवेलवाल्याला कुणी शिकवायला नको. त्याचा सगळा व्यवहार त्यावरच चालतो. हातात घेताच हे कापड नव्हे हे ओळखणारी माणसं या शहराइतकी फार थोड्या ठिकाणी असतील.

१ जुलै २०२२ पासून देशभर आणखी एक यादी बंद झाली. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, कानकोरण्याच्या आणि फुग्याच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ वेष्टन, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ फलक. यादी मोठी आहे. पण शहराच्या कचऱ्यात सर्वांत जास्त खुपणारी वस्तू तिच्यात नाही. ती म्हणजे पुडी.

(दृश्य: पानटपरीसमोरची जमीन. चकचकीत रिकाम्या पुड्या.)

वेफरची, शाम्पूची, मसाल्याची पुडी. आत प्लास्टिकचे थर, कधी मध्ये ॲल्युमिनियमचा. हे थर सुटे करणं अवघड, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. तंबाखू, गुटखा आणि पानमसाल्यासाठी प्लास्टिकची पुडी वापरायचीच नाही, असं २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. आता कुठल्याही टपरीसमोर उभं राहून खाली बघा.

पुडीचं काय करायचं, याचं उत्तर कायद्यात आहे आणि माझ्या मते साऱ्या नियमांतलं ते सर्वांत न्याय्य कलम आहे. ज्याने प्लास्टिक बाजारात आणलं, त्यानेच ते परत गोळा करायची सोय करायची. याला विस्तारित उत्पादक जबाबदारी म्हणतात. २०१६ मध्ये तिला आकार आला आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला तिची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यात उद्दिष्टं आकड्यांत बांधून दिली आहेत. बाजारात आणलेल्यापैकी गोळा करायचं प्लास्टिक २०२१-२२ साठी २५ टक्के, पुढच्या वर्षी ७०, आणि २०२३-२४ पासून पूर्ण १००. मऊ पाकिटं आणि बहुस्तरीय पुड्या यांच्यातलं किमान ३० टक्के प्लास्टिक २०२४-२५ मध्ये पुनर्चक्रित व्हायला हवं होतं. २०२७-२८ ला हा आकडा ६० टक्क्यांवर जायचा आहे. कंपन्यांची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. घरगुती शेंगा चटणी पाकिटात भरून विकणाऱ्या ताईंवर हा बोजा नाही, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना त्यातून वगळलं आहे. तेही योग्यच.

सगळ्याच तरतुदी जमिनीवर उतरल्या असं नाही. २०१६ च्या नियमांत कॅरीबॅग देणाऱ्या दुकानदाराने महिन्याला ४ हजार, म्हणजे वर्षाला ४८ हजार रुपये शुल्क भरून नोंदणी करावी, असं होतं. दोन वर्षांत ते कलमच निघालं. राज्याच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे ठेव ठरली होती, रिकामी पिशवी परत द्यायची आणि पैसे घ्यायचे. तुमच्या दूधवाल्याने कधी ते ५० पैसे परत दिलेत का?

(दृश्य: घंटागाडी. मग तुळजापूर रस्त्यावरचा कचरा डेपो.)

२०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९ लाख ५१ हजारांवर होती. वर्गीकरण, गोळा करणं, साठवण, वाहतूक आणि प्रक्रिया ही कामं नियमांनी महापालिकेवर सोपवली आहेत. घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा करणं हे आपल्यावर. दोन्ही एकत्र आलं की चांगलं प्लास्टिकही वाया जातं, कारण खरकट्यात भिजलेली पिशवी धुऊन वाळवायला कुणालाच परवडत नाही.

(दृश्य: पुन्हा मंडई. टोपलीपुढे बसलेली भाजीवाली, फक्त हात.)

कारवाई कुठे होते? इथे. पथक येतं, टोपलीखालचा पिशव्यांचा पुडका जप्त होतो, पावती फाटते. पाच हजारांची भाजी कित्येकदा त्या टोपलीत नसतेच. पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीकडे वळतं, आणि त्या गिऱ्हाइकाला कुणी काही विचारत नाही. मागाच्या शहरात घरातून पिशवी घेऊन निघणं एवढं जड आहे का?

कापडी पिशवी फुकट देणं भाजीवालीला परवडणार नाही, हे खरंच. पण टॉवेलच्या कापणीतून तुकडे उरतात, दुय्यम दर्जाचा माल पडून राहतो आणि शिलाई येणाऱ्या बायका इथे घरोघरी आहेत. मंडईच्या दाराशी ठेव घेऊन पिशवी देणारं एखादं टेबल बचत गटाला चालवता येईल. महापालिकेने फक्त जागा द्यायची.

आणि पिशवी येते कुठून, हा प्रश्न भाजीवालीला विचारायला हवा, दंडाच्या आधी. पुडका तिने घरी बनवलेला नाही. कुठल्या तरी दुकानातून, गोदामातून, टेम्पोतून तो आला. पावतीवर एक रकाना वाढवावा, "माल कुणाकडून घेतला." ती माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयाकडे जावी आणि तिथून गोदामापर्यंत. अधिकार आधीपासून आहेत, नवा कायदा लागणार नाही.

सुरुवात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेपासून करता येईल. संक्रांतीला होम मैदानावर दुकानं लागतात, खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतात. उघड्यावर कार्यक्रम भरवून वेष्टनातलं अन्न देणाऱ्या आयोजकाने कचऱ्याचं वर्गीकरण आणि व्यवस्थापन करायचं, असं २०१६ चे नियम सांगतात. जागा देतानाच ही अट करारात घालावी, आणि मैदानात येणारा पिशव्यांचा पहिला गठ्ठा प्रवेशावरच अडवून त्याच्या मालकाचं नाव लिहून घ्यावं.