समुद्र हो म्हणेल तेव्हा

नमस्कार मंडळी. आज जरा लांब जाऊया, म्हणजे खरोखरच लांब. दक्षिण अटलांटिकच्या ऐन मधोमध ट्रिस्टन दा कुन्हा नावाचं एक बेट आहे. तिथून माणसांची सगळ्यात जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, तेही बेटच, आणि ते जवळपास २४०० किलोमीटरवर. केपटाऊन २८०० किलोमीटरच्या आसपास. विमानतळ नाही, जहाजानं जायचं, साधारण आठवडाभर लागतो आणि समुद्र बिघडला तर मग विचारूच नका. १५०६ साली एका पोर्तुगीज दर्यावर्दीला ते दिसलं, त्याचंच नाव त्याला चिकटलं, आज ते ब्रिटनच्या ताब्यात आहे, पाउंड चालतो, लोकसंख्या अडीचशेच्या आत आणि गाव एकच. कागदोपत्री गावाचं नाव लांबलचक, एडिनबर्ग ऑफ द सेव्हन सीज, पण तिथले लोक नुसतं सेटलमेंट म्हणून मोकळे होतात.

आता असं काही ऐकलं की आपण ठरलेल्या दोनपैकी एक काहीतरी बोलतो. एकतर बिचारे कसे राहत असतील, नाहीतर अहाहा काय शांतता असेल, ट्रॅफिक नाही, कटकट नाही. मला दोन्ही पटत नाही. जगातलं सगळ्यात एकाकी बेट असं त्याच्याबद्दल सगळीकडे छापून येतं, आता लांब आहे हे कबूल, पण जितकं वाचत गेलो तितकं वाटायला लागलं की तिथं एकटं पडायची सोयच नाहीये. ज्याला एकांत पाहिजे त्यानं तिथं चुकूनही जाऊ नये.

सकाळचंच घ्या. तिथली मुख्य कमाई म्हणजे शेवंड, आपण हॉटेलात लॉबस्टर म्हणतो ते. थंड पाण्यातली शेवंड, बेटाच्या भोवती खडकात मिळते, फॅक्टरीत साफ होऊन गोठवून परदेशी जाते आणि बेटाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यावर आहे. पण बोटी रोज नाही जात. भल्या पहाटे जाणती माणसं समुद्राकडे बघतात, वारा बघतात, लाटा बघतात, आणि जमतंय असं वाटलं तर गावात टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरवर ठणाठणा ठोके पडतात. डाँग म्हणतात त्याला. तो वाजला की फिशिंग डे! मग काय, अख्खं गाव जागं. बोटी पाण्यात जातात, सापळे टाकले जातात, आणि सरकारी खात्यात नोकरी करणारे काहीजणसुद्धा त्या दिवशी टेबल सोडून समुद्रावर असतात, साहेब रागावत नाही कारण साहेबाला पण माहितीये की असा दिवस उद्या मिळेलच असं नाही. बोटी संध्याकाळी परत आल्या की दुसरी शिफ्ट सुरू, दिवसभर आपापली कामं करून आलेल्या बायका-माणसं फॅक्टरीत उभी राहतात आणि आलेला माल संपेपर्यंत काम चालतं, कितीही वाजोत. डाँग नाही वाजला तर मग शेती, गुरं, घराची डागडुजी, ऑफिस, जे काय असेल ते. म्हणजे उद्या काय करायचं हे आज रात्री कोणालाच नक्की सांगता येत नाही. कॅलेंडर भिंतीवर आहे हो, पण ते समुद्राला विचारून वाचायचं.

आणि बंदर? बंदर म्हणावं का हाच प्रश्न आहे. १९६७ साली बांधलेलं छोटंसं हार्बर आहे, मोठं जहाज आत येऊच शकत नाही. जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहणार आणि माल छोट्या बोटींनी आणि तराफ्यांनी खाली करायचा, पिठाची पोती, डिझेल, सिमेंट, औषधं, सगळंच. कधीकधी असं होतं की आठवडाभर प्रवास करून आलेलं जहाज गावासमोर उभं आहे, घरातून खिडकीतून दिसतंय, त्यात तुमचं सामान आहे, कदाचित तुमची मुलगी आहे, आणि लाटा मोठ्या म्हणून दिवसेंदिवस उतरता येत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात अवघड वाटते, २८०० किलोमीटर परवडले पण ते शेवटचे पाचशे मीटर नकोत.

बरं, जहाज आलं की सामानाबरोबर अजून एक पाहुणा येतो, सर्दी. बाहेरच्या जंतूंची सवय नसल्यामुळे जहाज येऊन गेलं की गावभर शिंका आणि खोकला सुरू, जुन्या लेखनात या जहाजाच्या सर्दीबद्दल पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. त्यात या लोकांना दम्याचा त्रास बराच, इतका की १९९० च्या दशकात टोरांटोचे संशोधक दम्याची आनुवंशिकता शोधायला तिथं गेले. कारण सगळं गाव मोजक्याच पूर्वजांपासून वाढलेलं. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, लावारेल्लो, रेपेत्तो, पिढ्यान् पिढ्या हीच आडनावं. त्यातले शेवटचे दोघं इटालियन, १८९२ मध्ये त्यांचं जहाज बेटावर आदळलं आणि बाकीचे परत गेले पण हे राहिले. ग्रीन हा डच, रॉजर्स आणि हेगन देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवरचे अमेरिकन. आणि बायका? १८२७ मध्ये बेटावरच्या पाच ब्रह्मचाऱ्यांनी एका कप्तानाला गळ घातली की सेंट हेलेनाहून आमच्यासाठी बायका आण, आणि त्यानं खरंच आणल्या! त्या बायकांना कोणी काय सांगून बोटीत बसवलं असेल देव जाणे. त्यांची बाजू कुठं फारशी लिहिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ग्लासपेक्षा त्यांचीच गोष्ट जास्त ऐकायची होती.

हा ग्लास म्हणजे विल्यम ग्लास, स्कॉटिश कॉर्पोरल. नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवलं होतं ना, त्याला सोडवायला कोणी या बेटाचा वापर करू नये म्हणून इंग्रजांनी १८१६ मध्ये इथं सैनिकांची तुकडी ठेवली, आणि लगेच पुढच्या वर्षी परत बोलावली. ग्लास बायको-मुलांसकट मागे राहिला, बरोबर दोन गवंडी राहिले, आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये या लोकांनी एक करार लिहून काढला. गुरंढोरं, सामानसुमान सगळ्यांचं सारखं, नफा सारखा वाटायचा, खर्च सारखा, आणि कोणीही दुसऱ्यावर मोठेपणा गाजवायचा नाही. तीन-चार माणसांचा कागद, त्यात काय एवढं असं वाटेल, कारण असे कागद जगात हजारो झाले आणि वर्षभरात फाटले. पण याचा धागा अजून चालू आहे. जमीन आजही सामायिक, आणि घरामागे गाई किती मेंढ्या किती याची मर्यादा ठरलेली, म्हणजे चराऊ रान पण टिकतं आणि एकाच घराची बरकत होऊन बाकीचे मागे असंही होत नाही. निवडून आलेलं कौन्सिल आहे, चीफ आयलंडर आहे, ब्रिटनहून आलेला प्रशासक आहे. पण चीफ झालात म्हणून बटाटे कोणी दुसरा लावून देणार नाही.

हां, बटाटे! बटाट्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. गावापासून तीन-एक किलोमीटरवर पोटॅटो पॅचेस म्हणून जागा आहे, दगडी गडगे रचून केलेले छोटे छोटे वाफे, गडगे कशासाठी तर वाऱ्यासाठी, नाहीतर पाला जागेवर राहायचा नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला लावणी, तिकडे तेव्हा थंडी ओसरत असते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढणी. प्रत्येक कुटुंबाचे वाफे ठरलेले आणि लावायला काढायला भाऊबंद, सोयरे सगळे हजर, आज तुमचं उद्या आमचं. तिथं छोट्या झोपड्याही बांधलेल्यात आणि डिसेंबरात मोठी सुट्टी लागली की लोक सुट्टीला कुठे जातात, तर तिथंच, तीन किलोमीटरवर, बटाट्याच्या शेजारी जाऊन राहतात. हसू येतं खरं, पण जायचं म्हणजे अजून कुठे जाणार? पैसा तर तिथं फार उशिरा आला, दुसऱ्या महायुद्धात नौदलाचं ठाणं पडलं तेव्हा. त्याआधी देवाणघेवाण, आणि बटाटा इतका चलनी की १९४६ मध्ये बेटासाठी तिकिटाचा नमुना काढला त्यावर किंमत लिहिलेली, एक पेनी, आणि खाली, चार बटाटे.

या बटाट्यांचा शत्रू म्हणजे उंदीर. १८८२ मध्ये हेन्री बी. पॉल नावाचं जहाज फुटलं त्यातून ते उतरले आणि मग हटलेच नाहीत. त्यावर उपाय म्हणून दरवर्षी एक दिवस चक्क सुट्टी जाहीर होते, रॅटिंग डे. टोळ्या करून लोक वाफ्यांवर जातात, कुत्री बरोबर, गडग्याचे दगड काढून काढून आतली बिळं शोधायची, मारलेल्या उंदरांची शेपटं जमा करायची, आणि शेवटी मोजणी, कुणाची शेपटं जास्त आणि सगळ्यात लांब शेपूट कुणाचं याला बक्षीस. आपल्याला ऐकून कसंतरी होतं, तिथं मात्र जेवणखाण, गप्पा, सगळी जत्रा असते. दगड परत नीट रचायचे मात्र, नाहीतर वारा आत शिरलाच.

अजून एक प्रकार मला फार आवडला. तिथल्या बायका लोकर कातून विणकाम करायच्या आणि ज्याच्यावर मन बसलंय त्याला मोजे विणून द्यायच्या, लव्ह सॉक्स, वरच्या बाजूला रंगीत पट्टे. जितके पट्टे जास्त तितकं प्रेम जास्त. आता एवढ्याशा गावात पायातले पट्टे सगळ्यांना दिसणार, म्हणजे गुपित असं काही राहिलंच नाही!

तर हे सगळं एकदा मोडलं होतं. १९६१ मध्ये ऑगस्टपासून धक्के बसायला लागले आणि ऑक्टोबरात गावाच्या अगदी कडेला जमीन फाटून ज्वालामुखी जागा झाला. २६४ माणसं बोटींनी बाहेर काढली, केपटाऊनमार्गे इंग्लंडला नेली. तिथं नोकऱ्या मिळाल्या, टीव्ही, दुकानं, डॉक्टर जवळ. सगळ्यांना वाटलं झालं, आता कोण परत जातंय त्या खडकावर. पण आजार मागे लागले, काही म्हातारी माणसं गेली, आणि ठोका पडून सगळं गाव एकदम कामाला लागावं असं तिथं काही नव्हतं, ज्याचं त्याचं घड्याळ वेगळं. डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झालं. परत जायचं म्हणणारे १४८, राहायचं म्हणणारे ५. लाव्ह्यानं फॅक्टरी गाडली होती, बोटी उतरवायचा किनारा गाडला होता, तरी १९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले. नंतर बांधलेल्या हार्बरला त्यांनी काय नाव दिलं माहितीये, कॅलशॉट, इंग्लंडमधल्या ज्या छावणीत दिवस काढले तिचं.

सगळं छान छान आहे असंही समजू नका. फेब्रुवारी २००८ मध्ये फॅक्टरीला आग लागली, जनरेटर तिथंच होते, त्यामुळे कमाई आणि वीज एकाच रात्रीत गेली, नवी फॅक्टरी उभी राहायला २००९ उजाडलं. २०११ मध्ये शेजारच्या नाइटिंगेल बेटावर मालवाहू जहाज आपटलं आणि हजारो पेंग्विन तेलात माखले, तेव्हा गावातली माणसं कामधंदा सोडून ते पक्षी धुवत बसली होती, स्विमिंग पूल रिकामा करून त्यात पेंग्विन ठेवले. मोठं ऑपरेशन असेल तर पेशंट केपटाऊनलाच, म्हणजे परत जहाजाची वाट. आणि पुढं शिकायचं तर मुलांना बेट सोडावं लागतं.

आता तुमच्यापैकी कोणीतरी मनात म्हणत असेल की आपणही जाऊया की राहायला. तर ते नाही जमत. बाहेरच्या माणसाला तिथं जमीन घेता येत नाही आणि कायमचं स्थायिकही होता येत नाही. बघायला जाता येतं, पण आधी कौन्सिलची परवानगी घ्यायची, जहाजात जागा मिळते का बघायची, त्यात पेशंट आणि बेटावरची माणसं आधी, पर्यटक सगळ्यात शेवटी. परतीची तारीख कोणी लिहून देत नाही. पत्र पाठवायचं असेल तर मात्र सोपं आहे, आधी पत्रं चुकून स्कॉटलंडच्या एडिनबर्गला जायची म्हणून २००५ पासून बेटाला स्वतःचा पोस्टकोड आहे, टीडीसीयू १झेडझेड. उत्तराची घाई तेवढी करू नका, पुढचं जहाज कधी सुटतंय त्यावर आहे ते.